शेजारच्या डोंगरावर

मुंबईच्या उत्तरेस, जुन्या साष्टी बेटाच्या मधोमध, जो हिरवा डोंगराळ पट्टा आजही शिल्लक आहे, त्याच्या कुशीत कान्हेरीची लेणी आहेत. वसईपासून वांद्र्यापर्यंतच्या धर्मग्रामांतील बहुतेक कुटुंबांना हे नाव ठाऊक आहे, ते सहलीचे ठिकाण म्हणून. धर्मशिक्षणाच्या वर्गांची वार्षिक सहल, युवक मंडळाची पावसाळी भटकंती, नाताळच्या सुट्टीत आलेल्या पाहुण्यांना दाखवायची जागा, एवढाच आपला कान्हेरीशी संबंध. मात्र हा डोंगर हजार वर्षांहून अधिक काळ भिक्षूंचे निवासस्थान होता, आणि पुढे आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासानेही त्याच्या पायऱ्या चढल्या. त्या इतिहासात अभिमानाने सांगावे असे थोडे, विचारात पाडणारे पुष्कळ, आणि थक्क करून सोडणारे एक प्रकरण आहे. त्याची ओळख आपल्या घराघरांत व्हावी, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

गेल्या हिवाळ्यात आम्ही एक पूर्ण दिवस या डोंगरावर काढला. सोबत आमचे एक जुने स्नेही होते. आम्ही दोघांनी अनेक वर्षे एकाच शाळेत शिकवले. त्यांचा विषय इतिहास. त्यांच्या वडिलांनी १९५६ साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बुद्धपौर्णिमेला कान्हेरीला जाण्याचा त्यांच्या घरचा नेम आहे. आम्ही जे ठिकाण पाहावयास निघालो होतो, तेथे ते वंदनेसाठी निघाले होते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून लेण्यांपर्यंतच्या वाटेवरच हा फरक आमच्या ध्यानात आला.

व्यापाऱ्यांचे दान, भिक्षूंचे घर

लेण्यांतील प्राकृत शिलालेखांत या डोंगराचे नाव कण्हगिरी किंवा कण्हसेल असे येते. कण्ह म्हणजे कृष्ण, काळा. काळ्या बेसॉल्ट खडकाच्या डोंगरासाठी हे नाव चपखल आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास येथे खोदकामास आरंभ झाला आणि दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत ही वस्ती नांदती राहिली. लहानमोठी मिळून शंभराहून अधिक लेणी एकाच डोंगरावर आहेत. एका डोंगरावर एवढी लेणी भारतात अन्यत्र क्वचितच आढळतील.

भिक्षूंनी हीच जागा का निवडली? स्नेह्यांनी पायऱ्या चढता चढता याचे उत्तर दिले. पश्चिमेस व उत्तरेस सोपारा, पूर्वेस कल्याण, दक्षिणेस चेमूल म्हणजे आजचे चौल, ही त्या काळची भरभराटीची बंदरे. पश्चिमेकडील देशांशी चालणाऱ्या व्यापाराचा माल या बंदरांतून घाटावर जाई. बाजारपेठांपासून मनुष्य एका दिवसात चालत येऊ शकेल, परंतु बाजाराचा गलबला जेथे पोहोचणार नाही, अशी ही जागा होती. भिक्षूंना भिक्षेसाठी नगर जवळ हवे आणि ध्यानासाठी दूर हवे. कान्हेरीत दोन्ही साधले.

येथील शिलालेख वाचणाऱ्या विदुषी डॉ. शोभना गोखले यांचा ग्रंथ १९९१ साली प्रसिद्ध झाला. या लेखांतून राजांपेक्षा सामान्य दातेच अधिक भेटतात. कल्याणचा स्वामिदत्त नावाचा सोनार पाण्याची एक पोढी, म्हणजे खडकात खोदलेली टाकी, संघाला अर्पण करतो. कल्याणचाच एक लोहार पायवाट बांधून देतो. व्यापारी आहेत, गृहिणी आहेत, स्वतः भिक्षुणीही दात्या आहेत. कोणी लेणे खोदवले, कोणी बसायचा ओटा, कोणी पाण्याचे टाके. प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे दिले आणि पुण्यात आईवडिलांना वाटेकरी करून घेतले.

या दानांत ‘अक्षयनीवी’ नावाचा एक प्रकार आहे. दाता ठरावीक रक्कम किंवा शेत कायमचे राखून ठेवी. मुद्दलास हात न लावता येणाऱ्या उत्पन्नातून त्या लेण्यात वर्षावासासाठी राहणाऱ्या भिक्षूला चीवर, म्हणजे वस्त्र, आणि पादत्राणे मिळत. हे ऐकताच आम्हांस आपल्या धर्मग्रामांतील जुन्या वह्या आठवल्या. मृतांच्या नावे कायमच्या मिस्सांसाठी ठेवलेली रक्कम, अमुक वाडीतील नारळाच्या उत्पन्नातून वेदीवरच्या दिव्याचे तेल, अशा नोंदी आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांच्या नावावर सापडतील. श्रद्धा निराळी, तरी कष्टाच्या पैशाला मृत्यूच्या पलीकडे नेण्याची माणसाची ओढ तीच.

निवासी लेण्यांची रचना अगदी साधी आहे. पुढे अंगण, मग ओसरी, आत एक दालन, एका कडेला झोपण्यासाठी खडकातच सोडलेला दगडी ओटा. बहुतेक लेण्यांपाशी पाण्याचे टाके. डोंगरमाथ्यावरचे पावसाचे पाणी पन्हळींनी खाली आणून या टाक्यांत साठवले जाई. नदी नाही, विहीर नाही, तरीही शेकडो माणसे या खडकावर बारमाही राहू शकली, ती या व्यवस्थेमुळे. आमच्या भेटीच्या वेळी पाऊस सरून दोन महिने झाले होते, तरी काही टाकी काठोकाठ भरलेली दिसली.

चैत्यगृह आणि वेदी

तिसऱ्या क्रमांकाचे लेणे हे कान्हेरीचे महाचैत्य. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, दोन व्यापारी भावांच्या पुढाकाराने ते घडले. कार्ल्याच्या चैत्यगृहाचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून ते खोदलेले आहे. लांबी सुमारे ८६ फूट, रुंदी सुमारे ४० फूट, दोन्ही बाजूंनी मिळून ३४ खांब आणि शेवटी अर्धवर्तुळात स्तूप. काही खांबांचेच शिरोभाग कोरलेले आहेत, बाकीचे साधे राहिले. छताला एके काळी लाकडी कमानी होत्या. त्यांच्या खाचा तेवढ्या उरल्या आहेत. ओसरीच्या दोन टोकांस वीस फुटांहून उंच अशा दोन बुद्धमूर्ती उभ्या आहेत. त्या नंतरच्या काळातील, पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराच्या.

मधली जागा, दोन बाजूंस खांबांच्या रांगा, शेवटी अर्धगोल गाभारा. देवळात वाढलेल्या कोणाही कॅथलिक माणसाला ही रचना परकी वाटत नाही. नजर आपोआप टोकाकडे, वेदीच्या जागेकडे जाते. तेथे स्तूप आहे. स्नेह्यांनी चपला बाहेर काढल्या, स्तूपापुढे गुडघे टेकले आणि हलक्या आवाजात त्रिशरण म्हटले. आम्ही खांबाशी स्तब्ध उभे राहिलो. बाहेर एका शाळेच्या सहलीचा कोलाहल चालू होता. आतल्या घुमटाकार छतामुळे तो आवाज दुप्पट होऊन येत होता. वंदना मात्र कोठे अडखळली नाही.

याच जागेवर सोळाव्या शतकात ख्रिस्ती वेदी उभी राहिली. १५३४ साली वसई व साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात आल्यानंतर फ्रान्सिस्कन संघाचे फादर आंतोनियो दो पोर्तो या प्रदेशात धर्मप्रसार करू लागले. तोपर्यंत बौद्ध भिक्षू केव्हाच नाहीसे झाले होते आणि लेण्यांत काही योगी राहत होते. पोर्तुगीज इतिहासकार दिओगो दो कौतो लिहितो की, येथल्या एका वयोवृद्ध योग्याने फादर आंतोनियो यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला आणि त्याचे नाव पाउलो रापोजो ठेवण्यात आले. चैत्यगृहाचे रूपांतर महादूत संत मिखाएल यांच्या नावाच्या प्रार्थनामंदिरात झाले. लेण्यांखालून खंबायतपर्यंत भुयार जाते अशी लोकांत वदंता होती. तिचा छडा लावण्यासाठी हेच फादर माणसे, मशाली, दोर आणि शिधा घेऊन आत शिरले, सात दिवस चालले आणि शेवट न सापडल्याने परतले, अशीही कथा कौतोने नोंदवली आहे. आज असे भुयार कोणी दाखवू शकत नाही.

कान्हेरीपासून जवळच असलेल्या मंडपेश्वरच्या शैव लेण्यांतही हेच घडले. लेण्याचे चर्च झाले, वरच्या अंगास मठ उभा राहिला, आणि तेथील भिंतीवर कोरलेला मोठा क्रूस आजही दिसतो. पुढे १७३७ ते १७३९ या काळात साष्टी आणि वसई मराठ्यांनी जिंकली आणि हे पर्व संपले.

या घटनांकडे आपण कसे पाहावे? ते धर्मगुरू कष्टाळू होते, त्यांच्यापैकी अनेकांनी दारिद्र्यव्रत निष्ठेने पाळले, आपल्या पूर्वजांपर्यंत शुभवर्तमान त्यांच्याच हातून आले, हे खरे. पण त्यांच्या पाठीशी राजसत्ता होती आणि परधर्मीयांची पूजास्थाने तिच्या बळावर ताब्यात घेतली गेली, हेही तितकेच खरे. दोन्ही सत्ये एकाच वेळी मान्य करणे आपणांस जड जाते, म्हणून आपण बहुधा एक सांगतो आणि दुसरे गाळतो. आम्ही स्नेह्यांना विचारले, “तुम्हांला याचा राग येत नाही?” ते थोडा वेळ स्तूपाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “सर, येतो कधी कधी. पण त्यांनाही गुडघे टेकायला हीच जागा योग्य वाटली, हेसुद्धा मी विसरत नाही.”

संत योसाफत कोण?

आता त्या थक्क करणाऱ्या प्रकरणाकडे वळू. आपल्या जुन्या रोमन संतनामावलीत २७ नोव्हेंबर या दिवशी बार्लाम आणि योसाफत या दोन संतांची नोंद असे. त्यांची कथा मध्ययुगीन युरोपात घराघरांत ठाऊक होती. ती अशी : हिंदुस्थानात अबेनेर नावाचा एक राजा ख्रिस्ती लोकांचा छळ करी. त्याला पुत्र झाला. ज्योतिष्याने सांगितले की, हा मुलगा थोर होईल, पण तुझ्या राज्यात नव्हे. तो ख्रिस्ती धर्म स्वीकारील. राजाने मुलाला सुखांनी भरलेल्या महालात कोंडून ठेवले. रोग, जरा, मरण यांचा वाराही त्याला लागू नये म्हणून. एके दिवशी राजपुत्र बाहेर पडला आणि त्याला रोगी, आंधळा आणि जर्जर म्हातारा दिसला. तो अंतर्मुख झाला. मग बार्लाम नावाचा तपस्वी, मौल्यवान रत्न विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या वेषात त्याच्याकडे आला आणि त्याने त्याला ख्रिस्ताची ओळख करून दिली. अखेर योसाफतने राज्य सोडले आणि अरण्यवास पत्करला.

महाल, ज्योतिष्याचे भाकीत, रोगी आणि वृद्ध माणसाचे दर्शन, राज्यत्याग. ही कोणाची कथा आहे, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही सांगावे लागणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपीय विद्वानांनी ते निर्विवाद सिद्ध केले. सिद्धार्थ गौतमाची कथा भारतातून मध्य आशिया व इराणमार्गे अरबी भाषेत गेली, अरबीतून जॉर्जियन भाषेत जाऊन ख्रिस्ती झाली, जॉर्जियनमधून ग्रीकमध्ये आणि अकराव्या शतकात लॅटिनमध्ये उतरली. नावाचा प्रवासही तसाच. ‘बोधिसत्त्व’चे अरबीत ‘बुदासफ’ झाले. अरबी लिपीत शब्दारंभीच्या ‘ब’ आणि ‘य’ या अक्षरांत केवळ टिंबांचा फरक, त्यामुळे ‘बुदासफ’चे ‘युदासफ’ झाले. पुढे ‘योआसाफ’ आणि शेवटी ‘योसाफत’. या ग्रंथातील दृष्टांतही आपल्याकडचेच आहेत. विहिरीत लोंबकळणारा, खाली मृत्यू असताना मधाच्या थेंबांत रमलेला माणूस आपल्या पुराणिकांनी अनेकदा वर्णिला आहे. तोच माणूस इटलीतील पार्मा शहराच्या बाप्तिस्मागृहाच्या द्वारावर कोरलेला आहे.

१५७१ साली व्हेनिसच्या अधिपतीने संत योसाफतचा म्हणून एक पवित्र अवशेष पोर्तुगालच्या राजाला भेट दिला. पुढे तो अँटवर्पला गेला. ज्या राजाच्या नावाने साष्टीचा कारभार चाले, त्याच्याच दरबारी ही भेट गेली, आणि त्याच काळी कान्हेरीच्या स्तूपाशेजारी वेदीवर मेणबत्त्या जळत होत्या!

यातला दुवा प्रथम कोणास जाणवला असेल, तर तो दिओगो दो कौतो यालाच. साष्टीत असताना त्याने एका वृद्ध स्थानिक माणसाला विचारले की, ही लेणी कोणी केली. त्या वृद्धाने सांगितले, एका राजाच्या मुलाविषयी भाकीत झाले होते की तो संन्यासी होईल, म्हणून बापाने त्याला येथे ठेवण्यासाठी हे महाल खोदवले. कौतोला लगेच योसाफतची कथा आठवली. १६१२ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने लिहिले की, येथील लोक ज्याला बुद्ध म्हणून पूजतात तो संत योसाफतच असावा. धागा त्याच्या हाती आला, पण त्याने तो उलट्या टोकाने धरला. तो मूळ मानत होता ती नक्कल होती, आणि मूळ त्याच्या डोळ्यांसमोर, त्या काळ्या खडकात उभे होते.

कथा ऐतिहासिक नाही म्हणून खजील होण्याचे कारण नाही. आमच्या मते यात एक सखोल अर्थ आहे. राज्य, पत्नी, सुख यांचा त्याग करून सत्य शोधणाऱ्या राजपुत्राची गोष्ट ख्रिस्ती मठवासीयांच्या कानी पडली, तेव्हा त्यांना ती परक्याची वाटली नाही. त्यांनी तीत पावित्र्य ओळखले आणि ते आपल्या भाषेत सांगितले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात बौद्ध धर्माचा नावाने उल्लेख केला आणि इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे जाहीर केले. ख्रिस्ती जनांनी मात्र नकळत तेच शतकानुशतके केले होते. आम्ही ही हकीकत एका टाक्याच्या काठी डबे सोडून बसलो असता स्नेह्यांना सांगितली. ते मनापासून हसले. म्हणाले, “म्हणजे आमचे भगवान तुमच्या पंचांगात होते म्हणा की!”

पाहुण्यांच्या सह्या

दुपारी आम्ही ओढ्याच्या कडेने वर गेलो. अकराव्या क्रमांकाच्या लेण्यास दरबार म्हणतात. तेथे लांबच लांब दोन दगडी बाके आहेत, भिक्षूंनी समोरासमोर बसून पठण करावे अशी. तेथील एका लेखात शके ७७५, म्हणजे इ.स. ८५३, हे वर्ष आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचा आणि कोकणातील त्याच्या मांडलिक शिलाहार राजाचा त्यात उल्लेख आहे. आणखी वर, एक्केचाळिसाव्या लेण्यात अवलोकितेश्वराची अकरा मुखांची मूर्ती आहे. एका मुखाने सर्वांचे दुःख दिसणार नाही म्हणून इतकी मुखे, असे स्नेह्यांनी समजावले. डोंगराच्या एका लांब कडेखाली निर्याणवीथी आहे, म्हणजे दिवंगत आचार्यांच्या विटांच्या स्तूपांची रांग. मठाच्या मागे धर्मगुरूंची दफनभूमी असावी, तशीच ती आहे.

नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतील काही कोरीव ओळी आहेत. इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी यात्रेकरूंनी आपली व आप्तांची नावे तेथे नोंदवली. ते आले, त्यांनी पाहिले, नावे कोरली आणि परतले. स्थळ त्यांनी बदलले नाही. त्यांच्या सह्या आज पारशी समाजाच्या इतिहासाचा मोलाचा पुरावा ठरल्या आहेत. आपल्या काळातील हौशी मंडळींनी खिळ्याने कोरलेली नावे मात्र पुरावा म्हणून कोणी जपणार नाही. त्यांत काही ओळखीची ख्रिस्ती आडनावेही दिसतात, म्हणून हे लिहिले.

सोपारा, भुईगाव आणि सहल

कान्हेरीचे अनेक दाते ज्या सोपाऱ्याहून आले, ते आजचे नालासोपारे, वसईकरांच्या अगदी उंबरठ्याशी. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उघडला. दगडी करंड्यात तांब्याची, तिच्या आत चांदी, स्फटिक, सोने अशा एकात एक डब्या आणि सर्वांत आत मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे सापडले. पाली परंपरेत सोपाऱ्याच्या परिसराशी जोडलेला पूर्ण नावाचा भिक्षू आहे. आपल्या रागीट देशबांधवांत परत जाण्याची अनुज्ञा त्याने बुद्धांकडे मागितली. त्यांनी शिव्या दिल्या तर, मारले तर, जीव घेतला तर, असे प्रश्न त्याला विचारण्यात आले. प्रत्येक वेळी त्याने त्या लोकांत काही चांगलेच शोधले. याच सोपाऱ्यात, १३२१ साली ठाण्यात रक्तसाक्षी झालेल्या चार फ्रान्सिस्कनांचे देह डॉमिनिकन फादर जॉर्डन यांनी आणून पुरले. एकाच मातीत दोन धर्मांच्या सहनशीलांच्या आठवणी एकत्र आहेत.

सम्राट अशोकाचे दोन शिलालेखही येथलेच. आठव्या लेखाचा तुकडा सोपाऱ्यास भगवानलालांना मिळाला. नववा १९५६ साली भुईगावात सापडला, म्हणजे आपल्याच वस्तीत, आणि ज्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरास दीक्षा घेतली त्याच वर्षी. नवव्या लेखात अशोक सांगतो की, आजारपण, लग्न, जन्म, प्रवास या प्रसंगी लोक नाना विधी करतात, पण खरा मंगलविधी म्हणजे नोकरचाकरांशी सद्वर्तन, गुरुजनांचा आदर आणि प्राणिमात्रांविषयी संयम. आठवा लेख प्रवासाविषयी आहे. पूर्वीचे राजे शिकार आणि करमणुकीसाठी विहारयात्रा करीत. अशोकाने त्या सोडल्या आणि धर्मयात्रा आरंभिल्या : साधुसंतांचे दर्शन, वृद्धांची भेट, खेड्यापाड्यांतील लोकांशी संवाद आणि धर्माची चर्चा.

सहल आणि यात्रा यांतील हा भेद आपल्या अंगणात बावीस शतकांहून अधिक काळ पडून आहे. आपल्या धर्मग्रामांच्या सहली कान्हेरीला जातच राहतील, जाव्यात. मुलांनी खेळावे, डबे खावेत. परंतु त्या दिवसातला एक तास तरी राखून ठेवावा. चैत्यगृहात शिरताना आवाज खाली यावा. कोणी वंदना करीत असेल तर ती संपेपर्यंत थांबावे. मुलांना सोनार स्वामिदत्ताचे टाके, संत मिखाएलची वेदी आणि योसाफतची कथा, तिन्ही सांगावे, त्यातले काहीही न गाळता. आणि शक्य असेल तर शेजारच्या एखाद्या बौद्ध कुटुंबाला सोबत चलण्याचे निमंत्रण द्यावे. शिलालेखांचे अर्थ पुस्तकांतून कळतात, पण त्या स्तूपापुढे माणसे आजही का नमतात, ते पुस्तकांपेक्षा शेजाऱ्याकडूनच नीट कळेल.